कात्रीखाली माई

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळत आलो. घरात विषय निघालाच, तर पाण्याची टाकी भरली का बघायला म्हणून मी गच्चीवर जायचो. टाकी भरलेली असली तरी तिथेच उभा राहायचो, खालचं बोलणं दुसरीकडे वळेपर्यंत.

गोष्ट माझ्या थोरल्या वहिनीची आहे. तिच्या माहेरी आजही असं बोललं जातं की, सख्खी बहीण अंथरुणाला खिळली होती, तरी हिच्याच्यानं एक फोन झाला नाही. हे बोलण्यात बहिणीची मुलगी सगळ्यांत पुढे असते. तिचा राग खरा आहे, फक्त तो चुकीच्या माणसावर आहे. तो फोन झाला नाही तो माझ्यामुळे. आणि ते ठाऊक असूनही, जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसलो. वहिनी गेल्या वर्षी गेली. आता तिच्या नावावरचा हा डाग पुसायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

मी नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. बंद पडलेलं मशीन उघडायचं, दुरुस्त करायचं, चालू करून द्यायचं, हेच आयुष्यभर केलं. या कामाचा एक नेम आहे. उघडण्याआधी खुणा करायच्या. कपलिंगच्या दोन्ही तुकड्यांवर पंच मारायचा, म्हणजे परत बसवताना तोंडाला तोंड जुळतं. पॅनेलमधली वायर सोडवायची तर आधी तिच्यावर पट्टी चिकटवून आकडा टाकायचा. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले, तेव्हा आम्ही आधी फोटो काढून ठेवायला लागलो. आणि मशीनला हात लावण्याआधी, ते रोज चालवणाऱ्याजवळ जरा उभं राहायचं, तो कसं चालवतो ते बघायचं. नव्या पोरांना मी हे इतक्यांदा ऐकवायचो की माझी पाठ वळली की ते माझी नक्कल करायचे. कंबरेवर हात ठेवून म्हणायचे, "आधी खूण, मग पाना!"

निवृत्त झाल्यावर हाताला काम राहिलं नाही. मग मोबाईलचा नाद लागला. व्हिडिओ बघून बघून शिकलो. गल्लीतले लोक फोन घेऊन यायला लागले. आमची ही म्हणायची, "जन्मभर लोखंड खोललं, आता काचा खोलताय. एक दिवस मला खोलून बसाल."

तेव्हा मला फोन रूट करायचं वेड लागलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण फोन विकत घेतो, पण कंपनी त्यात एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवते. त्या खोलीत तिची माणसं बसलेली असतात, म्हणजे आपण न मागितलेली, आधीच घातलेली ॲपं. ती जागा खातात, जाहिराती दाखवतात आणि साध्या मार्गानं निघत नाहीत. रूट करणं म्हणजे त्या खोलीची किल्ली मिळवणं. किल्ली मिळाली की नको ती ॲपं काढता येतात. पण चुकीचं काही काढलं तर फोन कायमचा विटेसारखा पडून राहतो.

वहिनी गावी एकटी राहायची. गाव नगरपासून दौंड रस्त्यानं जाऊन थोडं आत. थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झालेली. पुतण्या पुण्याला नोकरीला. त्यानं स्वतःचा जुना फोन आईला दिला होता, आणि तो स्वस्तातल्या कंपनीचा फोन त्या बिनबोलावलेल्या ॲपांनी खचाखच भरलेला होता. एकदा मी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून अभंग ऐकत होती. मधेच कर्जाची जाहिरात सुरू झाली, ती संपते तोच कुणीतरी बाई नाचायला लागली. वहिनीनं घाईघाईनं फोन पदराखाली झाकला.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यात कोन कोन ऱ्हातंय हो? मी कुनालाच बोलावलं न्हाई, तरी येत्यात!"

आमच्यात बोलायची एक गंमत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत जायच्या वयाचा होतो. आई आजारीच असायची, त्यामुळे माझं सगळं वहिनीनंच केलं. नाक पुसण्यापासून. तरी रीत म्हणून ती त्या शेंबड्या पोराला "भावजी, तुमी" म्हणायची, आणि मी तिला "वहिनी, तू". हे शेवटपर्यंत तसंच राहिलं.

"दे इकडे," मी म्हणालो. "सगळ्यांना बाहेर काढतो. नव्यासारखा करून देतो."

तिनं फोन माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "उद्या दिवेलागनीच्या आत मिळंल न्हवं?"

"मिळेल की. दिवेलागणीचं काय एवढं?"

"काय न्हाई. आसंच."

मी पुढे विचारलं नाही.

आता खबरदारीचं सांगतो, कारण लोक अजूनही विचारायला येतात. जी जी खबरदारी घ्यायची म्हणतात, ती मी सगळी घेतली होती. फोन पूर्ण चार्ज केला. लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती, म्हणून लाईट गेली तर अर्ध्यात घोटाळा नको, यासाठी शेजाऱ्याचा इन्व्हर्टर जोडून घेतला. केबल नवी आणली, कारण सैल केबलनं मधेच सुटून फोन मेलेले मी पाहिले होते. फोनच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आणि सेटिंगमधला नंबर ताडून पाहिला, कारण एका अक्षराच्या फरकानं फोनमध्ये दुसऱ्याच मॉडेलची फाईल जाते. कंपनीची मूळ फाईल आधी उतरवून वेगळी ठेवली, म्हणजे बिघडलं तर मागे येता येईल. रूट केल्यावर बँकेची ॲपं कधीकधी चालत नाहीत, म्हणून पुतण्याला फोन करून विचारून घेतलं. तो हसला. "काका, आईची बँक म्हणजे पासबुक आणि उशी." कुलूप उघडताना फोन आतून पूर्ण पुसला जातो, म्हणून नातवंडांचे फोटो, अभंग, सगळे नंबर लॅपटॉपवर काढून घेतले आणि उघडून तपासलेही. हे सगळं आधी माझ्या स्वतःच्या जुन्या फोनवर करून पाहिलेलं होतं. ॲपंसुद्धा एकदम काढली नाहीत. आधी नुसती गोठवली, फोन अडत नाही ना ते बघितलं, मग एकेक काढलं.

पडद्याचा फोटो मात्र काढला नाही. कशाला काढायचा? पडद्यावर कचराच तर होता.

सगळं काढून झाल्यावर पडदा असा स्वच्छ दिसायला लागला की मलाच माझं कौतुक वाटलं. मग मी वहिनीच्या सोयीसाठी म्हणून खालच्या ओळीत चार महत्त्वाचे नंबर लावले. एकदा बोट लावलं की फोन लागला. पहिला माझा, दुसरा पुतण्याचा, तिसरा डॉक्टरांचा, चौथा गॅसवाल्याचा. बाकी सगळे नंबर यादीत होते, एकही गहाळ झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत मी आणि ही, दोघं गावी गेलो. वहिनीनं फोन दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ बघत राहिली. अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"भावजी, कात्री कुठं गेली?"

"कसली कात्री?"

"हितं कात्री हुती. पिवळी."

"अगं, ते व्हिडिओ कापायचं ॲप होतं. तुला काय करायचंय? सिनेमा काढतेस का?"

ही हसली. ओट्यावर बसलेली शेजारीण हसली. वहिनीही तोंडाला पदर लावून हसली.

"मग तर बरंच झालं," ती म्हणाली. "लई ग्वाड केलं, भावजी. हातात कसा हलका लागतोय."

परत येताना एसटीत ही म्हणाली, "जाऊबाई 'लई ग्वाड' म्हणाल्या ना, की मला धडकी भरते. नवी नवरी असताना मी त्यांची मांडणी आवरली होती, आठवतं? सगळे डबे धुऊन, उंचीप्रमाणे लावले. तेव्हाही लई ग्वाड म्हणाल्या होत्या. चार दिवस चहात मेथ्या आणि आमटीत साखर. पण मला शब्दानं बोलल्या नाहीत."

मी हसलो. मला ती मांडणीची गंमत आठवली, एवढंच. पुढचा विचार डोक्यात आलाच नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला वहिनीचा फोन यायला लागला. पहिल्या संध्याकाळी मी "हॅलो" म्हटल्यावर पलीकडून आलं, "कोन? तुमी व्हय भावजी?"

"मीच. तूच लावलास ना?"

"व्हय की. काय... चा झाला का?"

"झाला. तुझा?"

"व्हईल आता. बरं, ठिवू का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला इतका आनंद झाला, काय सांगू. माणूस सत्तरीला आला तरी त्याला कुणीतरी चहा झाला का विचारावं असं वाटतंच. मी त्या वेळेला फोन जवळ घेऊन बसायला लागलो. गल्लीतल्या गप्पा, गुडघ्याचं दुखणं, भाजीचे भाव, सगळं तिला सांगायचो. ती ऐकायची, "व्हय", "आगं बया", "मग?" म्हणायची. ही आतून ओरडायची, "दिवा लागला, आला तुमचा फोन!" मी शेजाऱ्यांना सांगायचो, बघा, फोन सोपा करून दिला तर म्हाताऱ्या माणसाचंही बोलणं वाढतं.

त्यातल्याच एका संध्याकाळी, मी माझं काहीतरी सांगत असताना तिनं मधेच विचारलं, "भावजी, माईचा नंबर हाय का वो ह्यात?"

माई म्हणजे तिची थोरली बहीण. श्रीगोंद्याकडे उसाच्या पट्ट्यात दिलेली. नवरा वारलेला, एकच मुलगी, तीही जवळच्याच गावात नांदणारी. माईची नजर जवळजवळ गेलेली होती. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि त्यातलं उचलायचं एकच बटण तिला ठाऊक होतं. स्वतः होऊन फोन लावणं तिला जमायचं नाही.

"सगळे नंबर आहेत, वहिनी," मी जरा अभिमानानंच म्हणालो. "एक गेला नाही. यादीत जायचं, नाव बघायचं आणि दाबायचं."

"नाव बघायचं," ती म्हणाली.

"हो."

"बरं."

आणि मी माझी गोष्ट पुढे सुरू केली.

वहिनीला वाचता येत नाही हे मला ठाऊक नव्हतं? माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शाळेत असताना ती चुलीपाशी भाकरी थापायची आणि मला शेजारी बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावायची. एखादी ओळ मी गाळली की थापता थापता म्हणायची, "मधलं खाल्लं तुमी. त्या ससाण्याचं काय झालं?" मला वाटायचं, वहिनीला पुस्तकं येतात. कितीतरी दिवसांनी कळलं की तिनं तो धडा नुसता ऐकून पाठ केला होता. पुस्तकं ती डागांवरून ओळखायची. तेलाचा डाग असलेलं गणिताचं, कान दुमडलेलं भूगोलाचं. बाजारच्या एसटीची पाटी तिला वाचता यायची नाही, पण ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा चेपलेली गाडी आपली, एवढं तिला पुरायचं. तिचं सगळं जग असं जागांवर आणि खुणांवर उभं होतं. आणि जन्मभर खुणांचा नेम सांगणारा मी, तिला म्हणालो की नाव बघायचं आणि दाबायचं.

पुढे एका सकाळी पुतण्याचा फोन आला. माई पडल्या होत्या, मग छातीत कफ भरला, बरेच दिवस अंथरुणाला होत्या. आता कठीण आहे असा त्याला निरोप आला होता. "काका, तुम्ही आईला घेऊन तिकडे या. मी इकडून परस्पर निघतो."

मी ओळखीची गाडी केली, गावी जाऊन वहिनीला घेतलं. ती पिशवी मांडीवर धरून मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "माई आजारी आहेत हे तुला कसं कळलं नाही? तुमचं बोलणं व्हायचं ना?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "रोज व्हायचं. दिवेलागनीला."

"मग?"

तिनं पिशवीतून फोन काढला. पडद्यावर बोट ठेवलं, खाली, डाव्या कोपऱ्यात, जिथे माझा नंबर होता. आणि तिनं मला सांगितलं, अगदी शांतपणे, एखाद्याला घराचा रस्ता सांगावा तसं.

"ह्येच्या वर कात्री हुती. कात्रीखाली माई. ह्या अंगाला ढग हुता निळा, ढगाशेजारी आमचा बाळ. वर लाल टोपीवालं माकड, त्याच्या बगलंत तुमी. त्या नंबराच्या गोल गोल चकत्या सगळ्या सारख्याच दिसत्यात. पन शेजार वेगळा आसायचा न."

पुतण्यानं फोन देताना तिच्या लोकांचे नंबर कंपनीच्या त्या ॲपांच्या मधेमधे, जिथे जागा मिळेल तिथे लावून दिले होते. तो कचरा तिच्यासाठी गावातली चिंच होती, पार होता, गिरणी होती. मी तो सगळा उचलून नेला होता, आणि ज्या कोपऱ्यात माई होती तिथे मी स्वतः जाऊन बसलो होतो.

माझ्या तोंडातून एवढंच आलं, "मला सांगायचंस ना, वहिनी."

"सांगनार हुते. रोज सांगनार हुते. तुमी लई आनंदानं बोलायचा."

"दुसऱ्या कुणाला लावायला सांगायचंस."

"म्हनलं, आज जमंल, उद्या जमंल. एकदा दुसरं दाबलं तर बाळाला लागला, त्यो कामात हुता, वराडला. मग भ्याले." तिनं फोन परत पिशवीत ठेवला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तिकडं कुनाला सांगू नगा, भावजी. तुमी म्हेनत केली हुती. लोक नावं ठिवत्याल."

आम्ही पोचलो तेव्हा माईचा श्वास चालू होता, पण ती कुणाला ओळखत नव्हती. उशाशी तो बटणांचा फोन होता. वहिनी तिच्या कानाशी वाकून "माई, मी आले" असं पुन्हापुन्हा म्हणत राहिली. दुपार कलायच्या आत माई गेली.

दहाव्याला आम्ही परत गेलो. नदीवरचे विधी उरकले, जेवणं झाली. पडवीत बायका बसल्या होत्या, मी जवळच खांबाला टेकून चहा घेत होतो. माईच्या मुलीनं आजारपणात सगळं एकटीनं केलं होतं, तिचे डोळे सुजलेले होते. कुणीतरी वहिनीला म्हणालं, "तुमी शेवटाला तरी भेटल्या, तेवढं बरं झालं."

त्यावर ती मुलगी उसळली. "भेटल्या! आवं, आय रोज दिवा लावायच्या टायमाला फोन हातात घिऊन बसायची. मी म्हनायची, 'आय, मी लावते मावशीला.' तर न्हाई म्हनायची. 'तिच्या घरी काय तरी आसंल. तिला येळ घावला की ती करील.' न्हाई केला. मावशीला आता मोठा फोन हाय, दिरानं झ्याक करून दिलाय. एक बटन दाबायला बोट झिजत हुतं!"

मी चहाचा कप धरून उभा होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बाळ, मावशीची चूक नाही, मी तिचा फोन उलटापालटा केला. एवढंच. तोंड उघडलंही असेल. पण त्या पडवीत मी "फोनमधले जाणकार काका" होतो. आल्या आल्या दोघांनी मला आपापले फोन दाखवले होते.

वहिनी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलंच नाही, मुद्दाम. खाली जमिनीकडे बघत म्हणाली, "व्हय बाई. चुकलंच माझं. ईसरले मी."

"आयला ईसरलीस?"

"ईसरले."

मी चहा संपवला आणि कप नेऊन विसळायच्या भांड्यांत ठेवला.

मी स्वतःला सांगितलं, तिनंच कुणाला सांगू नका म्हटलं होतं. हे कारण मला फार वर्षं पुरलं. तिनं ते माझ्यावरच्या मायेनं म्हटलं होतं, आणि मी त्या मायेच्या आडोशाला लपलो.

माई दर थंडीत गुऱ्हाळावरची काकवी पाठवायची, बरणी भरून, तोंडाला फडकं बांधून. ती गेल्यावर मुलीनंही एखाद वेळ पाठवली असती, पण नाही पाठवली. हुरड्याला बोलावणं आलं नाही. लग्नकार्याच्या पत्रिका पुतण्याच्या नावानं यायच्या. वहिनीचं माहेर असं एकेका वस्तूनं बंद होत गेलं. एका संक्रांतीला फक्त मला म्हणाली, "औंदा बाजारातली काकवी आनली. आंबाटच हाय."

दहाव्यानंतर लगेच एकदा मी लॅपटॉप घेऊन गावी गेलो होतो. म्हटलं, "वहिनी, तू सांग, मी सगळं होतं तसं लावून देतो." आणि तिनं पडदा न बघता सगळा सांगितला. माकड कुठे, ढग कुठे, लाल पाकीट कुठे, पिवळी कात्री कुठे. एकही जागा चुकली नाही. मी एकेक ॲप परत शोधून बसवत गेलो. जाहिराती येतील तर येवोत. शेवटी खालचा डावा कोपरा राहिला. कात्री बसवली आणि विचारलं, "हिच्याखाली?"

तिनं त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"आता तितं तुमीच ऱ्हावा," ती म्हणाली. "सवय झालीया."

तेव्हापासून ती असेपर्यंत रोज दिवेलागणीला मला फोन यायचा. आता तो चुकून लागलेला नसायचा, माझ्यासाठीच असायचा. हे मला कधीकधी शिक्षेसारखं वाटायचं, पण तिच्या मनात शिक्षा नव्हती. ती खरंच चहाचं विचारायची.

लोक अजूनही येतात. "काका, फोनमधला कचरा काढून द्या." मी सगळी खबरदारी सांगतो. चार्जिंग, केबल, मॉडेल नंबर, मूळ फाईल, फोटो काढून ठेवणं, बँकेचं ॲप. मग फोन त्यांच्याच हातात परत देतो आणि म्हणतो, घरातलं कोण वापरतं? त्यांना घेऊन या. त्यांना माझ्यासमोर बसवून म्हणतो, तुम्ही रोज करता ते करा, मी नुसता बघतो. पडद्याचा फोटो काढतो. म्हातारी माणसं असली तर विचारतो, इथे काय आहे तुमचं? एक आजी म्हणाल्या, "त्या छत्रीला हात लावू नका, छत्रीशेजारी माझी लेक आहे." तो फोन मी तसाच परत दिला.

हे सगळं आता माईच्या मुलीसाठी. बाळ, तुझी मावशी तुझ्या आईला विसरली नव्हती. ती रोज त्याच वेळेला, त्याच जागी बोट ठेवत होती. तिथे तुझी आई नव्हती, मी होतो, आणि मी माझ्याच गप्पांत दंग होतो. पडवीत ती "ईसरले" म्हणाली ते खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. तुला जे काही बोलायचं असेल ते मला बोल.

वहिनीला मात्र मला वेगळं काही सांगायचं होतं. ते मी किती वेळा मनात म्हणून ठेवलं होतं. संध्याकाळ व्हायला आली की फोनजवळ बसायचो आणि ठरवायचो, आज ती काही बोलायच्या आत आपण बोलून टाकायचं. शेवटच्या दिवसांत तिचा आवाज बारीक झाला होता, तेव्हा तर मी ते ओठांवर आणून बसलेलो असायचो. फोन वाजायचा.

"भावजी, चा झाला का?"

"झाला, वहिनी," मी म्हणायचो. आणि माझं चुकलं, तुझी माई मी तुझ्यापासून तोडली, मला माफ कर, हे तसंच ओठांवर राहायचं.